न सुटलेली मिठी

मित्रांनो, मला पाहायचे तर सूक्ष्मदर्शक लागेल, आणि त्यातूनही मी तुम्हाला गुंडाळलेल्या पातळ कागदाएवढीच दिसेन. मी एक जुनी पेशी आहे. कॅथरिन नावाच्या बाईच्या मेंदूत, डाव्या कानाच्या थोडे वर, एका केशवाहिनीच्या भिंतीत मी राहते. खरे तर त्या जागी मीच भिंत आहे. आमची केशवाहिनी इतकी अरुंद की एकच पेशी स्वतःला गोल वळवते आणि आपली एक कड दुसऱ्या कडेला शिवून नळी करते. मीही तेच केले. माझ्या पोटातून रक्तातल्या तांबड्या पेशी एकामागून एक, अंग चोरून जात असत. एकसष्ट वर्षे जात होत्या. आता जात नाहीत. ते कसे झाले, तेवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

कॅथरिन जन्मायच्या आधी काही महिने मी तयार झाले. तेव्हा मी अगदी कच्ची होते. रक्ताचा जरा जोर आला की माझ्या शिवणी झिरपत. मग मी एक रासायनिक हाक दिली. ती हाक ऐकून बाहेरून एक पेशी सरकत सरकत माझ्याजवळ आली. शास्त्रज्ञ तिला पेरिसाइट म्हणतात. मी तिला सोबतीण म्हणते. ती माझ्या पाठीवर आडवी झाली आणि तिने आपले लांब हात माझ्याभोवती लपेटले.

आम्हा दोघींच्या मध्ये एक पातळ अस्तर असते. ते आम्ही दोघींनी मिळून विणले. त्या अस्तराला मधूनमधून भोके असतात. त्या भोकांतून तिने आपल्या खुंट्या माझ्या खाचांत बसवल्या आणि मी माझ्या खुंट्या तिच्या खाचांत बसवल्या. सुतार दोन लाकडे खिळ्यावाचून जोडतो, तशी ही जोडणी होती. त्यातून आमचे निरोप थेट जात. रक्ताचा रेटा मला लागला की तिला कळे. तिने अंग आवळले की मला कळे. तिच्या सांगण्यावरून मी माझ्या शिवणी इतक्या पक्क्या केल्या की रक्तातले नको ते काही मेंदूत जाईना. तिच्या पलीकडे ताऱ्यांच्या आकाराच्या पेशींनी आपली पावले टेकली होती, आणि त्यांच्या पलीकडे चेतापेशी राहत. साखर आणि प्राणवायू पोहोचवायचा तो त्यांच्यासाठी.

आमच्या भागातल्या चेतापेशींचे काम एकच. कानावर आलेल्या शब्दाचा अर्थ लावायचा आणि बोलताना नेमका शब्द पुढे करायचा. त्यामुळे मी जग कधी पाहिले नाही, पण ऐकले खूप.

कॅथरिन वसईतल्या पापडी गावची. तिने तीस वर्षे बालवाडीत शिकवले. "कॅथरिन टीचर, ह्याने माझी पाटी घेतली," इथपासून दिवस सुरू व्हायचा. तिला बोलायची भारी हौस. एकाच मुलाला ती एक गोष्ट चार वेगळ्या तऱ्हांनी समजावून सांगे. एकदा तिला टायफॉइड झाला आणि रक्तातून वाईटसाईट बरेच फिरले. मी आणि सोबतिणीने भिंत सोडली नाही. एक थेंबही आत जाऊ दिला नाही. कॅथरिन बरी झाली तेव्हा सगळ्यांनी औषधाला नावाजले. आमचे नाव कोणी घेतले नाही. त्याचे वाईट वाटले नाही. आम्ही आहोत हेच कोणाला ठाऊक नव्हते.

तिचा नवरा प्लासिड एका कारखान्यात यंत्रावर काम करी. दहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याची दृष्टी पूर्ण गेली. तेव्हापासून कॅथरिनचा आवाज हेच त्याचे डोळे झाले. घरात, वाडीत, रस्त्यावर ती त्याच्या दोन पावले पुढे चालायची आणि बोलत राहायची. "उंबरा आहे. आता सरळ. डावीकडे विहीर, हात लाव. पुढे ओलं आहे." तिच्या आवाजाच्या मागोमाग तो चालायचा. कधी अडखळला नाही.

मागच्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर झाले. तिथल्या डॉक्टरांनी कॅथरिनची नाडी बराच वेळ धरली.

"तुमचे ठोके अनियमित पडतात," ते म्हणाले. "हृदयाची तपासणी करून घ्या. रक्त पातळ ठेवायची गोळी लागेल बहुतेक. टाळू नका."

ते खरे होते. मला ते आधीच कळले होते. माझ्या पोटातून जाणाऱ्या रक्ताचा ठेका मधूनच चुके, दोन लाटा लगोलग येत, मग एक येतच नसे. कॅथरिनने चिठ्ठी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. तपासणीचा दिवस चार वेळा ठरला. एकदा प्लासिडच्या डोळ्यातला दाब वाढला, एकदा त्यांच्या मुलीचे, विनीचे, बाळंतपण आले, मग उपवासकाळ, मग वाडीतल्या चाफ्याची कामे. "माझं काही अडत नाहीये," ती म्हणायची. प्लासिडने आठवण करून दिली की म्हणायची, "तुला एकट्याला घरी सोडून जाऊ का?"

रक्त थांबले त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दोघांचे वाजले.

"उद्या चर्चमध्ये मिस्साला मी एकटा जाणार," प्लासिड म्हणाला. "काठी आहे. वाट पायाखालची आहे."

"रस्त्यात पाइपलाइनसाठी खणलंय. ते तुला कोण सांगेल?"

"तू सांगतेस तेवढं पुरे झालं. डावीकडे हो, उजवीकडे हो. दहा वर्षं नुसता तुझा आवाज ऐकतोय. एक दिवस तरी गप्प बस ना, कॅथरिन."

भांड्यांचा आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला.

सकाळी साडेसातच्या मिस्साची घंटा झाली आणि त्यानंतर लगेचच माझ्यापर्यंत येणारी रक्ताची लाट आली नाही. मी पुढच्या लाटेची वाट पाहिली. तीही आली नाही. नंतर डॉक्टर बोलले त्यावरून कळले की हृदयाच्या कोपऱ्यात साचलेल्या रक्ताची एक गुठळी झाली होती. ती मानेतून वर आली आणि आमच्या भागाला रक्त देणाऱ्या मोठ्या फांदीत अडकली. माझ्या पोटात तांबड्या पेशी होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

माझ्या पलीकडच्या चेतापेशी गप्प झाल्या. त्या अजून मेल्या नव्हत्या. ताकद नसली की माणूस हाक ऐकूनही उठत नाही, तशा पडून होत्या. आवाज ओळखणारी शेजारची गल्ली शाबूत होती, तिथून सगळे बोलणे येत होते. एकसष्ट वर्षे ऐकून मला भाषा येते, त्यामुळे मला सगळे कळत होते. पण माझ्या कळण्याचा कॅथरिनला काही उपयोग नव्हता.

प्लासिडचे एकट्याने मिस्साला जायचे राहिलेच होते. तो तोंड धुवायला विहिरीकडे निघाला होता. कॅथरिन नेहमीसारखी पुढे झाली.

"दोन पावलं, प्लासिड," ती म्हणाली. "मग वाटी सांडव. घंटेला हळू घे, तिथे बुधवार ओला आहे."

"काय म्हणालीस?"

"अरे, बुधवार. तो पानसा घे ना जरा, मी मघाशीच फणकलाय." आवाज तिचाच होता. तितकाच मायेचा, जराही न अडखळणारा. आपण नीट बोलतो आहोत अशीच तिची समजूत होती.

प्लासिड हसला आणि त्याने पाऊल टाकले. विहिरीची दगडी पायरी त्याच्या नडगीवर बसली. तो हातांवर पडला.

"कळलं," उठताना तो म्हणाला. "काल गप्प बस म्हणालो, त्याचं हे."

भिंत चाचपत तो ओट्यावर जाऊन बसला. कॅथरिन त्याच्या मागे मागे बोलत राहिली. त्याच्या पायातून रक्त येत होते बहुधा, कारण ती घाबरून काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती. त्याला ते थट्टेसारखे ऐकू आले. त्याने तोंड मिटले. जवळजवळ दीड तास तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

मित्रांनो, त्या दीड तासात आमच्याकडे काय झाले ते सांगते. प्राणवायू संपला तसे माझ्या सोबतिणीचे हात आखडू लागले. हे तिने रागाने केले नाही. पेशीत ताकद उरली नाही की नको ते क्षार आत भरतात आणि अंग आपोआप आवळते. तिची मिठी माझ्याभोवती घट्ट होत गेली. मी खुंट्यांमधून निरोप पाठवत होते, सोड, जरा सैल कर. निरोप तिच्यापर्यंत पोहोचत होते. पण आवळलेले अंग सैल करायलाही ताकद लागते. ती आणायची कुठून?

नऊच्या सुमारास प्लासिड म्हणाला, "बरं, चुकलं माझं. चहा दे."

कॅथरिनने एक लांब वाक्य उच्चारले. त्यात चहा नव्हता, कप नव्हता, ओळखीचे काहीच नव्हते. शेवटी तिचा आवाज चढला, एखादी गोष्ट दहादा सांगूनही मुलाला कळली नाही की चढायचा तसा. तेव्हा कुठे प्लासिडच्या ध्यानात आले. तो उठला आणि त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"तोंड वाकडं नाहीये," तो स्वतःशीच म्हणाला. "कॅथरिन, हात दाब माझा. दाब." तिला ते कळले नाही. त्याने तिचा हात हातात घेतला, तेव्हा तिने तो घट्ट धरला. मग दुसराही धरला. "जोर आहे. दोन्हीत आहे. मग झटका नाही हा."

लकव्यात तोंड वाकडे होते आणि हात लुळा पडतो, एवढे त्याने रेडिओवर ऐकले होते. त्याच्या आवाजातली भीती थोडी ओसरली. त्याने डबा शोधून साखरेचे पाणी केले आणि तिला दिले. मग त्याने विनीला फोन लावला. विनी आगाशीला एका शाळेत शिकवते. वर्गात असली की तिचा फोन पर्समध्ये असतो. साडेदहाला मधल्या सुट्टीत तिचा उलट फोन आला.

"मम्मीला द्या पप्पा." मग विनीचा आवाज थेट कानाशी आला. "मम्मी, काय होतंय तुला?"

कॅथरिनने तिला भराभरा सगळे सांगितले. तिच्या मते सगळेच. प्लासिडने फोन परत घेतला, पण आवाज मोठा ठेवलेला होता.

"हात-पाय हलतायत ना तिचे?" विनीने विचारले.

"हलतायत. पण विनी, ती आपल्यासारखं बोलत नाहीये."

"काल भांडलात तुम्ही. झोप झाली नसेल, ऊनही बाधलं असेल. पडू द्या तिला. दोनला शाळा सुटली की लगेच येते. घाबरू नका."

विनी निष्काळजी नव्हती, मित्रांनो. तिलाही तेवढेच ठाऊक होते जेवढे प्लासिडला होते.

साडेअकरापर्यंत माझी सोबतीण मेली. आवळलेली असतानाच मेली. तिच्या खुंट्या माझ्या खाचांत होत्या तशाच होत्या, पण त्यांतून निरोप येईना.

शेजारी क्लिफर्ड राहतो. त्याची स्वतःची रिक्षा आहे. तो बाराला जेवायला घरी आला, तेव्हा कॅथरिन फाटकापाशी उभी होती. तिने त्याला थांबवून काहीतरी विचारले.

"आंटी, काय बोलताय तुम्ही?" क्लिफर्ड म्हणाला. तिने पुन्हा विचारले. तो धावत आत गेला. "अंकल, आंटीला कधीपासून असं होतंय? चला, बसा रिक्षात दोघं. जेवण राहू दे."

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी कॅथरिनला विचारले, "हे काय आहे, सांगा बघू."

"हा रविवारचा लोणका," कॅथरिन हसून म्हणाली.

"हे पेन आहे," बाई म्हणाल्या. "बरं, डोळे मिटा." कॅथरिन त्यावरही हसून काहीतरी म्हणाली. मग त्या नाडी पाहत असाव्यात. "ठोके फार अनियमित आहेत. हे माहीत होतं तुम्हाला?"

"चिठ्ठी आहे घरी," प्लासिड म्हणाला.

"बोलणं कधी बिघडलं? नक्की वेळ सांगा."

"साडेसातची घंटा झाली, त्यानंतर लगेच."

"आता साडेबारा वाजलेत, अंकल."

"तोंड वाकडं झालं नव्हतं, डॉक्टर. मी हात लावून बघितलं. दोन्ही हातांत जोर होता."

"प्रत्येक वेळी तसं होत नाही," त्या म्हणाल्या. "कधी कधी नुसतं बोलणंच जातं. हा मेंदूचाच झटका आहे. आत्ता निघा, मी रुग्णवाहिका बोलावते आणि मोठ्या रुग्णालयात फोन करते."

रुग्णवाहिका हायवेला लागली. वसई खाडीच्या पुलाआधी गाड्यांची रांग होती. सायरन वाजत राहिला आणि गाडी बराच वेळ जागची हलली नाही. सगळ्या वाटेत कॅथरिन बोलत होती आणि प्लासिड म्हणत होता, "हो, हो. पोहोचलोच आपण."

मोठ्या रुग्णालयात त्यांनी सांगितले की गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळली आहे. मात्र मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार घालून ती ओढून काढता येईल. क्लिफर्डने शाळेत फोन करून बोलावलेली विनी तोवर येऊन पोहोचली होती. तिने कागदांवर सही केली. तीनला दहा मिनिटे असताना गुठळी निघाली.

"मोठी नळी उघडली," डॉक्टर म्हणाले. विनी रडली आणि तिने मोठ्याने देवाचे आभार मानले. प्लासिड विचारत राहिला, "म्हणजे आता ती बोलेल ना?"

रक्त खरोखरच आले. मला ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी येताना जाणवले. कितीतरी तासांनी तो रेटा आला होता. पण माझ्याभोवती सोबतिणीची मिठी तशीच होती. मेलेल्या हातांना सोड म्हणून सांगता येत नाही. जिने मला आयुष्यभर सावरले, तिनेच माझी नळी चिमटून बंद केली होती, आणि त्यात तिचा दोष नव्हता. तांबड्या पेशी चिमट्याशी येऊन एकमेकींवर दाटल्या. माझ्या शिवणी उसवल्या. पाणी झिरपून पलीकडे सूज चढली. सात तास तग धरून असलेल्या चेतापेशी संध्याकाळपर्यंत एकेक करून मेल्या. आमच्यासारख्या शेकडो गल्ल्यांत हेच झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विनीला समजावले. "मोठा रस्ता उघडला, पण आतल्या बारीक गल्ल्या सगळ्या उघडल्या नाहीत."

"मी साडेदहाला निघाले असते तर?" विनीने विचारले.

डॉक्टर म्हणाले, "जितकं लवकर, तितकं जास्त वाचतं. एवढंच सांगू शकतो."

"साडेसातला तर मी होतो तिथे," प्लासिड म्हणाला. "एका हाताच्या अंतरावर."

या गोष्टीला पाच महिने झाले. कॅथरिन घरी आहे. चालते, स्वयंपाकघरात वावरते, रक्त पातळ ठेवायची गोळी न चुकता घेते. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा चित्रे घेऊन येतात. आपले नाव, पाणी आणि थांब, एवढे शब्द तिला आता कळतात. बाकी तिचे बोलणे त्या सकाळसारखेच आहे. फरक इतकाच की आता तिला ठाऊक झाले आहे. समोरच्याला आपले काही कळत नाही हे ती ओळखते. मग कधी कप आपटते. कधी एखादा अख्खा दिवस बोलत नाही, आणि ते दिवस मला सगळ्यांत जड जातात.

मागच्या आठवड्यात बाजारात तिची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. "कॅथरिन टीचर," तिने आनंदाने हाक मारली. कॅथरिन बोलू लागली. दोन वाक्यांतच ती मुलगी म्हणाली, "मी जाते हं, टीचर, घाई आहे." पुढे जाऊन ती कोणाला तरी म्हणाली, "टीचरांचं डोकं फिरलंय." ते हळू म्हटले होते, पण कान शाबूत आहेत. अर्थ कॅथरिनला लागला नाही. मला लागला.

संध्याकाळी ती प्लासिडजवळ ओट्यावर बसते आणि त्याला दिवसभराचे सांगते. तो मान न हलवता ऐकतो. मधूनमधून "हो" म्हणतो. एकदा विनीने विचारले, "पप्पा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही," तो म्हणाला. "ती दम घ्यायला थांबली की मी हो म्हणतो. नाहीतर तिला वाटेल मी उठून गेलो."

मी गल्लीच्या कडेला आहे, म्हणून अजून आहे. माझ्या एका अंगाला शेजारून थोडा प्राणवायू मिळतो. दुसरे अंग अजून त्या मिठीत आहे. रिकाम्या केशवाहिन्या शरीर हळूहळू काढून टाकते. मागे अस्तराचा धागा तेवढा राहतो. माझेही तेच होणार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी अचानक भलतेच बोलू लागले, किंवा सोपे बोलणेही त्यांना कळेनासे झाले, तर रागावू नका आणि हसू नका. तोंड सरळ आहे, हात हलतो आहे, म्हणून स्वस्थ बसू नका. किती वाजले ते पाहा, मोठ्यांना सांगा आणि जिथे मेंदूच्या झटक्यावर उपचार होतात तिथे लगेच न्यायला लावा. ठोके चुकतात असे डॉक्टर म्हणाले असतील, तर ती तपासणी पुढे ढकलू देऊ नका. मुले बोलली की मोठी माणसे कधी कधी ऐकतात.

आणि पापडीला कधी आलात, तर चर्चच्या रस्त्यावर एक बाई आपणहून तुमच्याशी बोलायला लागेल. तुम्हाला काही कळणार नाही. तरी तिचे बोलून होईपर्यंत थांबा.